पूल गेला, बर्ग्यांचं काय?

एप्रिल 2022 मध्ये बिहारच्या रोहतास जिल्ह्यात, अमियावर गावचा कालव्यावरचा 60 फुटी जुना लोखंडी पूल चोरीला गेला. तोही दिवसाढवळ्या! पाटबंधारेची माणसं म्हणून आले, जेसीबी अन् गॅसकटर लावला, तीन दिवसांत सगळा सांगाडा भंगारात. गाव बघत होतं. सरकारी काम म्हटल्यावर विचारणार कोण? पुढं पकडलेल्यांत त्याच खात्याचा एक अधिकारी निघाला.

आपण हसलो. पण आपल्या को. प. बंधाऱ्याचे बर्गे काय वेगळे जातात? पावसाळ्याआधी काढायचे, काठावर उघड्यावर रचायचे आणि ऑक्टोबरात पाणी अडवायला जावं तर मोजणीत कमी. भंगारवाल्याला किलोचे पैसे, आपल्या गव्हाला शेवटचं पाणी नाही. एक गाळा उघडा राहिला तरी साठा टिकत नाही, हे सांगायला इंजिनिअर नको.

माझं मत सरळ आहे. बर्गे काढतानाच मोजा, प्रत्येकावर वेल्डिंगनं गावाचं नाव-नंबर टाका, यादी ग्रामपंचायतीत लावा. आणि कटर घेऊन कुणी आलं, तर साहेब असला तरी आधी वर्क ऑर्डर मागा. राग येईल त्याला, येऊ दे.