मेकॅनिकलला पाठवताय? मग आधी सिलॅबस उघडा

बारावीचा निकाल लागला की बऱ्याच घरांत दोन गट पडतात. मुलगा म्हणतो, "मला मेकॅनिकलच घ्यायचंय." आई-बाबा म्हणतात, "अरे, सगळे कॉम्प्युटरला चाललेत आणि तू लोखंड घासत बसणार?" मग काका-मामांचे फोन होतात, शेजारच्या अंकलचं मत घेतलं जातं. पण चार वर्षं तिथे नक्की शिकवतात काय, हे मात्र कोणीच उघडून बघत नाही.

मी स्वतः बीए इंग्लिश. मामेभावाच्या अॅडमिशनच्या वेळी मामा-मामींना सगळं मराठीत सांगणारं कोणीतरी हवं होतं, म्हणून सिलॅबसची पीडीएफ माझ्याकडे आली. दोन रविवार गेले, पण एक कळलं. इंजिनिअर नसलेल्या आई-बाबांनाही हा कोर्स समजू शकतो. या वेळचा लेख त्यासाठीच, आणि खास करून चेन्नईत राहणाऱ्या आपल्या मराठी घरांसाठी.

शब्द तेच, अर्थ वेगळे

पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर सल्ला देतात तेव्हा गोंधळ इथूनच सुरू होतो. महाराष्ट्रात एमएचटी-सीईटी असते, पर्सेंटाइल असतात. तमिळनाडूत २००७ पासून इंजिनिअरिंगसाठी राज्याची वेगळी प्रवेश परीक्षाच नाही. बारावीच्या मार्कांवर टीएनईए नावाचं काउन्सेलिंग होतं.

महाराष्ट्रात "कटऑफ" म्हणजे कॉलेज कितीवर बंद झालं तो आकडा. चेन्नईत "तुझा कटऑफ किती?" असं विचारतात तेव्हा मुलाचे स्वतःचे २०० पैकी मार्क विचारत असतात. हिशोब सोपा आहे. गणित १०० पैकी पूर्ण धरायचं, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे निम्मे करायचे. समजा गणितात ९२, फिजिक्समध्ये ८८ आणि केमिस्ट्रीत ८४ मिळाले, तर ९२ अधिक ४४ अधिक ४२, म्हणजे १७८. मूल सीबीएसईचं असेल तर वेगवेगळ्या बोर्डांचे मार्क एका पातळीवर आणून मग यादी लागते.

बदलीवर आलेल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट पाहायलाच हवी. मुलाची आठवी ते बारावी तमिळनाडूत झाली असेल, तर दुसऱ्या राज्यातलं मूळ असलं तरी टीएनईएला अर्ज करता येतो, पण खुल्या वर्गातून. महाराष्ट्राचं जातीचं प्रमाणपत्र इथल्या आरक्षणासाठी चालत नाही. शाळेची ही पाच वर्षं मोडली असतील तर नियम आधी वाचा. आई किंवा वडिलांकडे महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र असेल तर तिकडच्या प्रवेशाचा रस्ताही वेळेत तपासा. दोन्हीकडच्या तारखा निघून गेल्यावर हळहळण्यापेक्षा हे काम अकरावीतच उरकलेलं बरं.

कॉलेज कुठल्या जातकुळीचं?

"अण्णा युनिव्हर्सिटीचं कॉलेज" हे वाक्य चेन्नईत फार ऐकू येतं, पण त्याचे अर्थ तीन. पहिला, विद्यापीठाचा स्वतःचा कॅम्पस, उदाहरणार्थ गिंडीचं कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. १७९४ साली सर्व्हे स्कूल म्हणून त्याची सुरुवात झाली. किंवा क्रोमपेटचं एमआयटी, जिथे डॉ. अब्दुल कलाम शिकले. दुसरा अर्थ संलग्न कॉलेज. तिथे सिलॅबस आणि परीक्षा विद्यापीठाच्या. तिसरा स्वायत्त कॉलेज. तिथे सिलॅबस आणि पेपर कॉलेजचे स्वतःचे, पण डिग्री अण्णा युनिव्हर्सिटीची. तिन्हींचा प्रवेश टीएनईएतून.

व्हीआयटी, एसआरएम यांसारखी अभिमत विद्यापीठं वेगळी. त्यांची परीक्षा वेगळी, फी वेगळी, डिग्री त्यांची स्वतःची. आणि आयआयटी मद्रासला जायचं तर मुख्य रस्ता जेईई अॅडव्हान्स्डचा.

कॉलेजच्या जाहिरातीत "नॅक ए प्लस" मोठ्या अक्षरात असतं. नॅक संपूर्ण संस्थेचं मूल्यमापन करते. तुम्हाला मेकॅनिकलबद्दल जाणून घ्यायचं असेल तर एनबीए बघा, कारण ती मान्यता एकेका शाखेला मिळते आणि ठरावीक मुदतीची असते. कॉलेजला सरळ विचारा, "मेकॅनिकलला एनबीए आहे का, आणि कधीपर्यंत?"

चॉइस भरताना एक खबरदारी. काही कॉलेजांच्या यादीत मेकॅनिकल दोनदा दिसते, एक नेहमीची आणि एक तमिळ माध्यमाची. नाव शेवटपर्यंत वाचा.

चार वर्षांत काय शिकवतात?

अण्णा युनिव्हर्सिटीच्या २०२१ च्या रेग्युलेशनप्रमाणे ढोबळ चित्र असं आहे. रेग्युलेशन काही वर्षांनी बदलतं, म्हणून आपल्या मुलाच्या बॅचला कोणतं लागू आहे ते विचारून घ्या.

पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळजवळ सारखं. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, इंजिनिअरिंग ड्रॉइंग. आणि हो, पायथन प्रोग्रामिंग. म्हणजे मेकॅनिकलला गेला तर कॉम्प्युटर सुटला, ही समजूत पहिल्याच सेमिस्टरला मोडते. वर्कशॉपमध्ये सुतारकाम, प्लंबिंग, वेल्डिंग, पत्र्याचं काम हाताने करावं लागतं. तमिळ वारसा आणि तमिळांचं तंत्रज्ञान असे एकेका क्रेडिटचे दोन छोटे विषयही असतात.

खरं मेकॅनिकल दुसऱ्या वर्षी सुरू होतं. थर्मोडायनॅमिक्स म्हणजे उष्णतेचं काम आणि कामाची उष्णता. आपला प्रेशर कुकर आणि फ्रिज दोन्ही याच विषयात बसतात. फ्लुइड मेकॅनिक्स म्हणजे गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप किती ताकदीचा लागेल याचा हिशोब. थिअरी ऑफ मशिन्स समजायला आजीचं शिलाई मशीन पुरतं. पाय वर-खाली हलतो, चाक गोल फिरतं आणि सुई परत वर-खाली होते. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स म्हणजे किती वजनाला काय वाकेल आणि काय तुटेल.

तिसऱ्या वर्षी मशीनचे भाग डिझाइन करणं, अचूक मोजमाप आणि हीट ट्रान्सफर. कॉफी डबऱ्यातून टम्ब्लरमध्ये उंचावरून ओतली की लवकर निवते, ते का, हे इथे समीकरणासह कळतं! चौथ्या वर्षी निवडीचे विषय आणि प्रोजेक्ट.

मामेभावाने यातला एकेक विषय समजावून सांगितला तेव्हा मामी पहिल्यांदाच म्हणाल्या, "म्हणजे हा नुसता गॅरेजचा कोर्स नाही." त्या दिवसापासून घरातला वाद थांबला नाही, पण निदान दोन्ही बाजू एकाच कोर्सबद्दल बोलू लागल्या.

क्रेडिट आणि अरियर

सिलॅबसमध्ये प्रत्येक विषयापुढे एल, टी, पी, सी अशी चार अक्षरं आणि आकडे असतात. आठवड्याला लेक्चर किती, ट्युटोरियल किती, प्रॅक्टिकल किती आणि क्रेडिट किती, एवढाच त्याचा अर्थ. लेक्चरचा एक तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे दोन तास मिळून एक क्रेडिट. "पी"चा रकाना पाहिला की मूल लॅबमध्ये किती वेळ असणार हे लगेच कळतं.

महाराष्ट्रात ज्याला केटी म्हणतात त्याला चेन्नईत "अरियर" म्हणतात. ड्रॉइंग, गणित, थर्मो हे विषय अनेकांना जड जातात. एखादा अरियर आला म्हणजे आयुष्य संपलं असं नाही. पण बऱ्याच कंपन्या कॅम्पसला येताना शिल्लक अरियर नसलेलीच मुलं घेतात. म्हणून मूल पहिल्या सेमिस्टरचा निकाल सांगायला कचरत असेल तर रागावण्याआधी ऐकून घ्या. लपवलेला अरियर तिसऱ्या वर्षी फार महाग पडतो.

प्लेसमेंटबद्दल काय विचाराल?

"हायेस्ट पॅकेज किती?" हा प्रश्न सोडून द्या. तो आकडा एका मुलाचा असतो. त्याऐवजी हे विचारा:

• मेकॅनिकलच्या किती मुलांनी नाव नोंदवलं आणि किती जणांना नोकरी लागली?
• मधला पगार किती? म्हणजे निम्मी मुलं ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली.
• त्यातल्या किती नोकऱ्या मेकॅनिकलच्या कामाच्या आणि किती सॉफ्टवेअरच्या?
• इंटर्नशिप कुठे मिळते?

शेवटच्या प्रश्नाला चेन्नईत वजन आहे. एन्नोरला अशोक लेलँड, श्रीपेरंबुदूरजवळ ह्युंदाई, ओरगडमला रेनो, पेरांबूरला रेल्वेचे डबे बनवणारी इंटिग्रल कोच फॅक्टरी. एवढे कारखाने आसपास असताना मुलांना चार वर्षांत एकदाही शॉप फ्लोअर दिसत नसेल, तर कॉलेजला कारण विचारायलाच हवं.

आणि मुलगी म्हणाली तर?

"मशीनवर मुलगी कशी?" हा प्रश्न अजूनही येतो. १९४० च्या सुमारास गिंडीच्या कॉलेजात मुली नव्हत्या. तिथे शिकवणारे पप्पू सुब्बाराव यांची मुलगी ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाली होती, पदरी लहान मुलगी होती. वडिलांनी कॉलेजकडे परवानगी मागितली, ती मिळाली, आणि ललिता इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. भारतातल्या पहिल्या महिला इंजिनिअरांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. त्या काळात एका वडिलांनी मुलीसाठी ही चौकशी केली. आज आपल्याला तर फक्त पीडीएफ उघडायची आहे.

तेव्हा या रविवारी एवढंच करा. विद्यापीठाच्या वेबसाइटवरून सिलॅबस उतरवून घ्या, मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि सांगा, "यातले तीन विषय मला मराठीत समजावून दे." सांगताना डोळे चमकले तर कॉलेजची यादी करायला घ्या. तिसऱ्या विषयाआधीच कंटाळा आला तर तेही बरंच झालं. फी भरण्याआधी कळलं.