आवाज जप्त, धूर मोकळा

पूर्वी नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिला फटाका कोणी उडवायचा, यावरून आळीतल्या पोरांत चुरस लागत असे. हल्ली आमच्या सोसायटीत हा मान तिसऱ्या मजल्यावरच्या ओंकारच्या मोटारसायकलीकडे गेला आहे, आणि तोही वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. मराठी माणसाने या वाहनाला ‘फटफटी’ हे नाव दिले खरे. पण ते नाव इतके मनावर घेणारा मुलगा मी दुसरा पाहिला नाही. त्याने कंपनीचा सायलेन्सर काढून बाजारातली एक चकचकीत नळी बसवून घेतली होती. ती नळी चौकात बार काढी, आणि आमच्या घरी भांडी वाजत.

गेल्या महिन्यात पोलिसांनी त्याला अडवले. नळी जप्त झाली, दंडाची पावती हातात आली, आणि चिरंजीव गाडी ढकलत घरी आले. अशा जप्त नळ्यांचे पुढे काय होते, हे वाचकांनी वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांत पाहिलेच असेल. आपल्याकडच्या कित्येक शहरांत पोलीस त्या रस्त्यावर ओळीने मांडतात आणि त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात. मोठे समाधानकारक दृश्य असते ते! सौ.ने त्या दिवशी शिरा केला असे मी म्हणणार नाही; पण चहात साखर सढळ पडली होती एवढे खरे.

सोसायटीत सर्वांत मोठा विजयोत्सव केला तो दुसऱ्या मजल्यावरच्या नानासाहेबांनी. “कायदा म्हणजे कायदा,” असे म्हणून त्यांनी जिन्यातच मला सारी कलमे ऐकवली. ती मी नंतर पडताळून पाहिली, आणि नाना चुकले नव्हते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम सांगते, की गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, आणि असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

आता सायलेन्सर म्हणजे नुसती आवाज दाबणारी डबी, अशी माझीही समजूत असती. पण ओंकारने पुढच्या रविवारी जुना सायलेन्सर दाखवून ती दूर केली. (पोरगा हुशार आहे, फक्त पहाटे हुशार नसावा एवढेच आमचे म्हणणे.) हल्लीच्या गाड्यांत धुराच्या त्या वाटेतच मधाच्या पोळ्यासारखा एक जाळीदार तुकडा बसवलेला असतो. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ लेप असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या पोळ्यातून जाताना बऱ्याच अंशी निरुपद्रवी होतात. त्याला म्हणतात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. बाजारातल्या बहुतेक चकचकीत नळ्यांत ते पोळे नसते. म्हणजे आवाज मोकळा झाला, की विषही मोकळे होते. पोलिसांना ऐकू येतो तो फक्त आवाज.

आणि जिथे आवाजच होत नाही तिथे?

नानांची डिझेल मोटार 2016 सालची. दोन वर्षांपूर्वी ती ओढ घेईना, तेव्हा त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रीने सांगितले, “साहेब, ईजीआर बंद करून टाकू. कचरा धरतंय ते.” हे ईजीआर म्हणजे जळून गेलेला थोडा वायू पुन्हा इंजिनात घेऊन आतली आच बेताची ठेवणारी झडप. आच वाढली, की नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. म्हणून ही योजना. मिस्त्रीने झडपेच्या तोंडाशी एक पातळ पत्रा ठोकला आणि गाडीच्या संगणकाला समजूत घातली, की सारे आलबेल आहे. गाडी ओढू लागली. नाना खूष झाले. ही हकीकत त्यांनी स्वतःच मला कौतुकाने सांगितली होती.

“मग पीयूसीला अडत नाही?” मी विचारले होते.

“छे! उलट पहिल्यापेक्षा चांगला आकडा आला.”

यात नाना खोटे बोलत नव्हते, हीच तर मोठी गंमत. आपल्या पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजतात. ईजीआर बंद केले, की काजळी कमीच होते. वाढतात ती नायट्रोजनची ऑक्साइडे, आणि ती त्या यंत्रात मोजलीच जात नाहीत. 1 एप्रिल 2020 पासून नव्या डिझेल मोटारींसाठी या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला 250 मिलिग्रॅमवरून 80 वर आणली गेली. एवढी कडक मर्यादा कारखान्याच्या दारापर्यंत. पुढे रस्त्यावर आल्यावर ती कोण विचारणार?

नाना रोज सकाळी पाच मिनिटे गाडी जागेवरच तापवतात. गाडी उभी राहते ती तळमजल्यावरच्या अप्पांच्या खिडकीखाली. अप्पांना दम्याचा विकार, औषधाचा पंप सदैव उशाशी. एकदा मी त्यांना म्हणालो, “आता ओंकारची नळी गेली, तुम्हाला निवांतपणा आला असेल.”

“अहो, माझे कान कधीच गेलेत. फटफटीचा मला काय त्रास? सकाळी खिडकी लावून घेतो ती नानाच्या गाडीपायी. छाती भरून येते.”

नानांचे थोरले चिरंजीव टेक्सासात असतात. गणपतीत ते आले तेव्हा विषय निघाला, आणि कळले की हा रोग एकट्या आपलाच नाही. तिकडे डिझेलचे मोठमोठे पिकअप ट्रक. काही शौकीन मुद्दाम गाळणी काढून सायकलवाल्याच्या अंगावर काळ्या धुराचा लोट सोडतात. हौसेला मोल नसते, दुसरे काय! तिथल्या पर्यावरण खात्याने नोव्हेंबर 2020 मध्ये एक अहवाल काढला. मागच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक ट्रकांची धूर रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली होती, आणि त्यामुळे त्यांच्या आयुष्यभरात 5 लाख 70 हजार टन नायट्रोजनची ऑक्साइडे जादा पडणार होती. मला तिकडची एक गोष्ट पटली. 1990 च्या दुरुस्तीने तिथे असे भाग बनवणे, विकणे आणि बसवणे हाच गुन्हा ठरला. आणि 2020 ते 2023 या काळातल्या खास मोहिमेत खात्याने भर दिला तो बनवणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर. आपल्याकडेही क्वचित दुकानांवर छापे पडतात. पण चौकातल्या पोराची मानगूट धरणे सोपे, हे उघडच आहे.

हे सारे ऐकत ओंकार दारात उभा होता. “नाना,” तो अगदी आदबीने म्हणाला, “मग तुमच्या त्या पत्र्याचं काय?”

नानांनी चिरंजिवांकडे पाहिले, चिरंजिवांनी चिवड्याच्या बशीकडे. “ते निराळं,” नाना म्हणाले. “ती दुरुस्ती आहे.”

ओंकारने कंपनीचा सायलेन्सर परत बसवला आहे. अप्पांनी त्याला बोलावून करंजी दिली, हे मी पाहिले. नानांना मी दोनदा आठवण केली. मिस्त्री दिवाळीच्या गर्दीत आहे, असे ते म्हणतात. आणि त्यांच्या पीयूसीची मुदत मार्चपर्यंत आहे.