निरोपाचे सतरा कोटी

जाणाऱ्या सेवकाचे हात रिकामे राहू नयेत, ही आपल्या समाजाची जुनी आणि भली रीत आहे. परंतु देणाऱ्याने आपल्या कनवटीचे द्यावे, ही त्या रीतीची पहिली अट आहे. दुसऱ्याच्या कनवटीला हात घालून दाखविलेल्या औदार्यास दातृत्व म्हणत नाहीत. कंपनीचे संचालक मंडळ हे कंपनीचे मालक नव्हे. लाखो भागधारकांच्या पैशाचे ते विश्वस्त आहे. बड्या अधिकाऱ्यास निरोप देताना ते जी रक्कम मोजते, तिचा जाब विचारण्याचा अधिकार म्हणूनच प्रत्येक भागधारकास आहे.

हा धडा घेण्यास अमरगोळच्या वाचकास दूर जाण्याचे कारण नाही. हुबळीच्या गोकुळ रस्त्यावर जिचे केंद्र उभे आहे, त्या इन्फोसिसचेच उदाहरण घ्या. १९८१ साली पुण्यात ही कंपनी स्थापन झाली, ती हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या सुधा मूर्ती यांनी दिलेल्या १०,००० रुपयांच्या बळावर. काटकसर आणि उघडा हिशेब ही पुढे तिची ख्याती झाली. त्याच कंपनीचे मुख्य वित्त अधिकारी राजीव बन्सल ऑक्टोबर २०१५ मध्ये पदावरून दूर झाले, तेव्हा त्यांना २४ महिन्यांच्या वेतनाइतके, म्हणजे १७ कोटी ३८ लाख रुपये देण्याचा करार कंपनीने केला. त्यांपैकी सुमारे ५ कोटी २० लाख दिले गेले आणि उरलेली रक्कम मंडळाने रोखून धरली.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. ही रक्कम काही झाकून ठेवण्याचे मोल तर नव्हे, असा प्रश्न संस्थापक नारायण मूर्ती यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीरपणे केला. मंडळाने आरोप नाकारले. ऑगस्टमध्ये मुख्याधिकारी विशाल सिक्का गेले, पाठोपाठ अध्यक्ष आर. शेषसायी गेले आणि नंदन नीलेकणी अध्यक्षपदी परतले. गैरव्यवहाराच्या आरोपांत तथ्य नाही, असा निर्वाळा नव्या मंडळानेही दिला. हे आम्ही मुद्दाम नमूद करतो, कारण पुराव्याविना कोणावर चिखल उडविणे हा आमचा धर्म नव्हे. परंतु चोरी झाली नाही एवढ्याने पहारेकऱ्याचे कर्तव्य पार पडले असे होत नाही!

सप्टेंबर २०१८ मध्ये लवादाने निर्णय दिला. उरलेले १२ कोटी १७ लाख रुपये बन्सल यांना व्याजासह द्यावेत. दिलेली रक्कम परत मिळावी ही कंपनीची मागणी अमान्य. ह्याच कराराच्या प्रकरणात सेबीकडे सुमारे ३४ लाख रुपये भरून कंपनीने २०१९ मध्ये तडजोड केली. आरोप मान्यही केले नाहीत, अमान्यही केले नाहीत. म्हणजे भागधारकांनी काय कमावले? मूळ रक्कम गेली, वर व्याज गेले, तडजोडीचे पैसे गेले, आणि लौकिकास डाग लागला तो वेगळाच.

आमच्या मते मंडळ दोनदा चुकले. सही करताना ते सैल होते, आणि सही झाल्यावर शब्द मोडण्यास निघाले. दुसरी चूक पहिलीइतकीच गंभीर आहे. दिलेला शब्द लोकांनी ओरड केली म्हणून फिरवता येत नाही. करार हा करार असतो, मग तो शहाणपणाचा असो वा नसो. म्हणूनच मंडळाचे खरे कर्तव्य सहीच्या आधी संपते. नंतरचा सारा आटापिटा म्हणजे बैल गेला आणि झोपा केला!

आता सामान्य श्रमिकाच्या वाट्याकडे पाहा. छाटणी झालेल्या कामगारास प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, हे माप १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात घातले गेले आणि नव्या श्रमसंहितेतही ते टिकून आहे. ह्या मापाने २४ महिन्यांचे वेतन मिळविण्यास कामगारास किती वर्षे राबावे लागेल? ४८ वर्षे! एवढी वर्षे नोकरीच कोणाची होत नाही. अधिकाऱ्याचे पद जोखमीचे असते, नव्या ठिकाणी जाण्यास त्यास मुदत पाळावी लागते, हे आम्ही जाणतो. पण त्या जोखमीचे मोल नेमणुकीच्या दिवशी ठरले पाहिजे. निरोपाच्या घाईत नव्हे.

कायदा ह्या बाबतीत अर्धाच जागा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या २०२ व्या कलमाने व्यवस्थापकीय संचालक, पूर्णवेळ संचालक आणि व्यवस्थापक यांच्या पदहानीच्या भरपाईस फार तर तीन वर्षांच्या वेतनाची मर्यादा घातली; स्वतः राजीनामा देणाऱ्यास सामान्यतः ती मुळीच मिळत नाही. परंतु संचालक नसलेला वित्त अधिकारी ह्या कलमाच्या कुंपणाबाहेर राहतो. हे कुंपण सर्वच प्रमुख अधिकाऱ्यांपर्यंत वाढविले पाहिजे. वेतन समितीने करार आधी वाचावा, मंडळाने कारणांसह मंजूर करावा आणि रक्कम ठरताच ती भागधारकांस कळवावी. अमरगोळच्या बाजार आवारात मिरचीची दोन पोती विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. भाव, वजन, हमाली, तोलाई सारे तीवर लिहिलेले असते. दोन पोत्यांस जी शिस्त, ती सतरा कोटींस नको काय?

'आमचे कुठे शेअर आहेत!' असे म्हणून वाचकांनी हे पान उलटू नये. आपल्या विमा हप्त्यांचा पैसा आयुर्विमा महामंडळामार्फत ह्याच बड्या कंपन्यांच्या भागांत गुंतलेला असतो. आणि ज्यांचा पैसा पतपेढीत, नागरी बँकेत वा साखर कारखान्याच्या भागांत आहे, त्यांच्याही संस्थेत संचालक मंडळ असतेच. वार्षिक सभेत अहवाल न वाचता 'मंजूर, मंजूर' म्हणून हात वर करणारा सभासद आणि करार न वाचता सही करणारा संचालक, ह्या दोघांत फरक आकड्याचाच आहे. येत्या सभेस जाताना अहवाल वाचून जा, आणि जाणाऱ्या अधिकाऱ्यास काय दिले, का दिले, कोणी ठरविले, हे तीन प्रश्न उभे राहून विचारा. विश्वस्ताला जागे ठेवण्याचे काम अखेर ज्याचा पैसा आहे त्यानेच करावे लागते.