वेशीबाहेरचें घर आणि गांवांतलें पाणी

युरोपच्या मध्ययुगाला ‘अंधारयुग’ म्हटलें कीं आपण मोकळे होतों. त्या काळच्या लोकांस शास्त्र ठाऊक नव्हतें, म्हणून ते रोग्यांना छळीत, असा आपला समज असतो. आणि एकदां तो समज करून घेतला म्हणजे स्वतःच्या घराकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं. त्या समजाची परीक्षा घ्यावी म्हणून आज त्या काळच्या महारोग्यांची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

बाराव्या-तेराव्या शतकांत पश्चिम युरोपांतील पुष्कळ नगरांच्या वेशीबाहेर, बहुधा हमरस्त्याच्या कडेला, महारोग्यांचें एक घर असे. श्रीमंताच्या दारीं पडून राहणाऱ्या, व्रणांनीं भरलेल्या लाझरस नांवाच्या भिकाऱ्याची कथा बायबलांत आहे. त्याच्या नांवावरून अशा घरास लाझरगृह म्हणत. आंतील माणसें बरीचशीं मठवासीयांसारखीं राहत. नेमल्या वेळीं प्रार्थना करावी, साधीं वस्त्रें नेसावीं आणि अन्नदात्यांच्या आत्म्यासाठीं देवाला आळवावें, असा त्यांचा दिनक्रम असे. त्यांच्या हातांतील लांकडी खुळखुळा लोकांना दूर करण्यासाठींच असे, असें आपण वाचलेलें असतें. परंतु अलीकडच्या संशोधकांच्या मतें तो भिक्षेसाठीं वाटसरूंचें लक्ष वेधण्यासही वाजविला जाई. कारण या रोगानें पुष्कळांचा आवाज बसत असे.

या लोकांविषयीं समाजाचें मन दुहेरी होतें. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याची राणी मटिल्डा हिनें महारोग्यांचे पाय आपल्या हातांनीं धुऊन त्यांचें चुंबन घेतल्याची कथा लिहून ठेवलेली आहे. लंडनबाहेरचें सेंट जाइल्सचें रुग्णगृह तिनेंच स्थापिलें. असिसीचा संत फ्रान्सिस यानें १२२६ सालीं, देह ठेवण्यापूर्वीं सांगितलेल्या मृत्युपत्रांत, महारोग्यांच्या सहवासानें आपलें जीवन पालटलें असें म्हटलें आहे. जेरुसलेमचा राजा चौथा बाल्डविन हा तर स्वतःच महारोगी होता; तरीही ११७४ पासून ११८५ मध्यें मृत्यु येईपर्यंत राजपद त्याच्याकडेच राहिलें.

आतां दुसरी बाजू पाहा. १३२१ सालीं फ्रान्समध्यें एकाएकीं आवई उठली कीं, महारोग्यांनीं विहिरींत विष कालविलें! राजा पांचवा फिलिप याच्या आज्ञेनें धरपकड झाली, यातना देऊन कबुलीजबाब घेण्यांत आले, आणि कित्येकांना जिवंत जाळण्यांत आलें. लौकरच तोच आळ यहुदी लोकांवरही आला.

पाय धुणारा समाज आणि जाळणारा समाज हे दोन नव्हते. दयेनें त्यांना घर बांधून दिलें, पण वेशीबाहेर. आणि जो माणूस आपल्या रोजच्या व्यवहारांत नाहीं, त्याच्याविषयीं कोणी कांहींही सांगितलें तरी खरें वाटूं लागतें. तेथील दयेंतच हा दुरावा मुरलेला होता.

तथापि या ‘अंधारयुगा’ची एक गोष्ट आपणांस खालीं पाहावयास लावील. पोप तिसरा अलेक्झांडर (११५९–८१) यानें असा निर्णय दिला कीं, महारोग झाला म्हणून विवाह तुटत नाहीं. निरोगी जोडीदारानें रोग्यामागें जावें आणि प्रेमानें त्याची शुश्रूषा करावी. उलट आपल्याकडे १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत असाध्य कुष्ठरोग हें घटस्फोटाचें एक कारण होतें, आणि तें २०१९ सालीं काढून टाकण्यांत आलें. तोंपर्यंत रोगाचा जंतु सांपडून जवळजवळ दीड शतक लोटलें होतें. नॉर्वेंतील हान्सेन यानें तो १८७३ मध्येंच शोधिला होता. रोग पुरा बरा करणारी संयुक्त औषधयोजनाही १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच पुढें आली होती. ज्ञान आलें म्हणजे दुरावा आपोआप जातो, असें मानणाऱ्यांनीं या सनावळीचा विचार करावा.

मग तो जातो कशानें? याचें एक उत्तर आपल्याच जिल्ह्यांत सांपडतें. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला जामखेड हा अवर्षणग्रस्त तालुका आहे. तेथें डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं आरोग्याचें काम आरंभिलें. कुष्ठरोग्यांसाठीं त्यांनीं वेशीबाहेर निराळें घर काढलें नाहीं. इतर दुखण्याइतकेंच हें एक दुखणें मानून, रोग्यास त्याच्या गांवांत, त्याच्या घरांत ठेवूनच उपचार चालविले. रोग ओळखण्याचें काम गांवांतल्याच स्त्रियांस शिकविलें. त्यांपैकीं बहुतेक निरक्षर होत्या, पुष्कळ दलित समाजांतल्या होत्या. दुष्काळांत विंधनविहिरी खोदण्याची वेळ आली, तेव्हां हातपंप दलित वस्तींत बसविण्याचा आग्रह त्यांनीं धरला. पाणी हवें असेल तर सवर्णांनीं तेथें जावें, असा त्यांतला अर्थ होता. आणि तहानलेलीं माणसें गेलीं. फ्रान्समध्यें ज्या विहिरीच्या नांवानें माणसें जाळलीं गेलीं, तसल्याच पाण्याच्या निमित्तानें येथें माणसें एका ठिकाणीं आलीं. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

सोंवळ्या-ओंवळ्याचे संस्कार ज्यांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आले, त्या आम्हां लोकांनीं येथें थोडें थांबलें पाहिजे. देवळाच्या पायरीवरील महारोग्याच्या हातास आपला हात न लागेल, अशा बेतानें वरून टाकलेला पैसा आपल्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं पाहिला असेल. तो पैसा दानाचा होता, यांत शंका नाहीं. पण वरून टाकलेला होता, हेंही खरें.

वाचकभगिनींनीं एवढें ध्यानांत ठेवावें. आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईच्या अथवा आपल्याच मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला, तर घाबरूं नये आणि लपवूंही नये. सरकारी दवाखान्यांत औषध मोफत मिळतें. प्रकार पाहून सहा किंवा बारा महिने घ्यावें लागतें. आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग दुसऱ्यास लागण्याची भीति उरत नाहीं. त्या बाईला कामावरून काढूं नये. तिला दवाखान्यांत पोंचवावें, आणि परत आल्यावर तिचा चहा नेहमींच्याच कपांतून द्यावा.