घरचा मासा, परकी नदी

नदी म्हणजे एक मोठा हौद असून त्यात हवा तो मासा आणून सोडण्याचा माणसाला जन्मसिद्ध अधिकार आहे, अशी समजूत शहाण्यासुरत्या लोकांतही आढळते. गळाने मासे धरण्याचा नाद असलेल्या मंडळींत तर ती जवळजवळ धर्मश्रद्धाच होऊन बसली आहे. माझा या समजुतीशी उभा दावा आहे. आणि दिवाळीच्या फराळात चकलीइतके तिखट चालतेच, या भरवशावर तो मी येथे मांडणार आहे.

या नादाचे मूळ शोधायचे तर साहेबाकडे जावे लागते. साहेब जेथे गेला तेथे त्याने आपला क्लब, आपले क्रिकेट आणि आपला ट्राउट मासा नेला. १८६४ साली ट्राउटची अंडी शेवाळात गुंडाळून, बर्फात ठेवून, इंग्लंडहून जहाजाने टास्मानियाला पोचवली गेली. १९०० च्या सुमारास तोच मासा काश्मीरच्या ओढ्यांत आला. लोकांची उपासमार होत होती म्हणून नव्हे. गळाला लागला की तो झुंज छान देतो आणि साहेबाला घरची आठवण येते, म्हणून! हे वाचून आपल्याला हसू येते. परंतु वाचकहो, हसू जरा आवरा. पुढची गोष्ट आपल्या लोणावळ्याची आहे.

सह्याद्रीच्या नद्यांत निळसर परांचा महसीर राहतो. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून कर्नल साईक्सने १८३९ च्या सुमारास त्याची शास्त्रात नोंद केली व त्याला ‘खुद्री’ हे नाव दिले. पुढे धरणे झाली, प्रवाह चढून अंडी घालायला जाणाऱ्या या माशाच्या वाटा अडल्या, आणि तो दुर्मिळ होऊ लागला. तेव्हा लोणावळ्यास टाटांच्या तलावाकाठी त्याची पैदास सुरू झाली. मादीची अंडी हाताने काढायची, ती फलवायची आणि त्यांतून बोटुकली वाढवायची, हे काम कौतुकाचेच. त्याला माझा नमस्कार आहे. माझे भांडण आहे ते त्यापुढच्या पावलाशी. ही पिल्ले आपल्या नद्यांपुरती राहिली नाहीत. ती दूरदूरच्या राज्यांत वाटली गेली आणि कावेरीतही सोडली गेली.

कावेरीचे घर काही रिकामे नव्हते. तेथे तिचा स्वतःचा महसीर नांदत होता. पाठीवर बैलासारखे वशिंड, पर नारिंगी, आणि देह असा की १९४६ साली कबिनी नदीत गळाला लागलेला एक मासा १२० पौंड भरला! १९९८ ते २०१२ या काळात कावेरीकाठच्या एका तळावर गळाला लागलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्या सांगतात की निळ्या परांचे वाढत गेले आणि वशिंडवाले दिसेनासे होत गेले. दैवाची थट्टा पाहा: या जगप्रसिद्ध माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली ती २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून जाहीर झाला. बारशाच्या वर्षीच मृत्युपत्र लिहिण्याची पाळी!

कावेरीवरही धरणे झाली, वाळू उपसली गेली, सुरुंगाने मासे मारले गेले. सारा दोष एका पाहुण्याच्या माथी मारावा असे मी म्हणत नाही. परंतु आजारी माणसाच्या खाटेवर दुसरा धडधाकट माणूस आणून बसवणे, याला कोणी शुश्रूषा म्हणत नाही.

माझे एक स्नेही या छंदात मुरलेले आहेत. ते म्हणतात, “अहो, ट्राउट परदेशी खरा, पण महसीर तर आपलाच! मुळेतला काय आणि कावेरीतला काय?” खरी गोम येथेच आहे. स्वदेशी-परदेशी हा हिशेब माणसांचा. माशाचा देश म्हणजे त्याचे खोरे. कावेरीला मुळेतला महसीर हा इंग्लंडच्या ट्राउटइतकाच परका. उलट तो अधिक धोक्याचा! ट्राउटला थंड पाणी लागते, म्हणून तो डोंगरमाथ्यावर अडून राहतो. हा भाऊबंद मात्र त्याच डोहावर, त्याच अन्नावर, अंडी घालण्याच्या त्याच पाण्यावर हक्क सांगतो. आणि भाऊबंदकी शेजाऱ्याच्या भांडणापेक्षा वाईट, हे मराठी माणसाला मी काय सांगावे?

“पण मासे वाढले ना? मग झाले!” हा स्नेह्यांचा दुसरा मुद्दा. घरातली चार माणसे गेली आणि सहा भाडेकरू आले, तर कुटुंब दोनने वाढले असे म्हणायचे काय?

तिसरा मुद्दा ते मांडतात तो मात्र मला मान्य आहे. नदीवर सर्वांत अधिक लक्ष गळवाल्यांचेच असते. त्यांनी नोंदी ठेवल्या नसत्या तर कावेरीतली ही पडझड कोणाच्या ध्यानातही आली नसती. म्हणूनच माझे मागणे प्रथम त्यांच्याकडे आहे. पैदास जरूर करा. पण ज्या नदीतले आईबाप, त्याच नदीत पिल्ले सोडा. आणि नव्या पाण्यात पिशवी रिकामी करण्यापूर्वी तेथे आधीपासून कोण राहते, याची चौकशी करा. सोयरीक जमवताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो. नदीच्या वाट्याला एवढीही येऊ नये काय?

महाडजवळ सावित्री नदीत वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथले महसीर देवीचे म्हणून गावकरी त्यांना धरत नाहीत, उलट खाऊ घालतात. त्यांनी मासा कोठे नेला नाही, कोठून आणला नाही. तो जेथला होता तेथे त्याला सुखाने राहू दिले. सरकारी खात्यांनी आणि हौशी मंडळांनी एवढा धडा घेतला तरी पुष्कळ झाले. धरणाचे दार उघडता येते, वाळूचा उपसा थांबवता येतो. पण नदीत एकदा सोडलेला मासा परत बोलावता येत नाही.