वर्षाला दोन बोटे गाळ

ज्या घरात कुरडया होतात, तिथे गाळ कसा बसतो हे वेगळे शिकवावे लागत नाही. भिजवलेले गहू वाटून काढलेला चीक भांड्यात ठेवला, की रात्रभरात दाट सत्त्व तळाशी बसते आणि सकाळी वरचे पाणी अलगद ओतून टाकता येते. भांडे हलले, की सारे पुन्हा गढूळ.

धरणातही हेच घडते. पावसाळ्यात नदी डोंगरउतारावरची माती घेऊन धावत येते. जलाशयात शिरताच तिचा वेग मोडतो आणि ओझे खाली पडू लागते. जाड वाळू आधी, जलाशयाच्या तोंडाशीच. बारीक माती त्याच्या पुढे, आणि पिठासारखे कण थेट भिंतीपर्यंत.

हे किती वेगाने घडते, हा खरा प्रश्न. कर्नाटकात होसपेटजवळ, हंपीच्या शेजारी तुंगभद्रा धरण आहे. 1953 मध्ये त्यात पाणी साठू लागले, तेव्हा त्याची क्षमता सुमारे 133 टीएमसी होती. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.) 2016 च्या मोजणीत ती 105.8 टीएमसी भरली. म्हणजे 63 वर्षांत 27 टीएमसी जागा गेली. पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे काठोकाठ भरली, तरी साठा होतो सुमारे 29 टीएमसी. जवळजवळ तेवढी जागा इथे मातीने भरली आहे!

आता हाच आकडा दुसऱ्या बाजूने पाहा. हा सारा गाळ जलाशयाच्या 378 चौरस किलोमीटर तळावर सारखा पसरला असे मानले, तर थर होतो दोन मीटरचा. वर्षाला तीन सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे दोन बोटे. एवढ्याशा थराची कोण दखल घेणार?

आखणी करणाऱ्यांनी घेतली होती, नाही असे नाही. धरण बांधताना तळाचा काही साठा गाळासाठी सोडून देतात, त्याला मृतसाठा म्हणतात. पण गाळ काही नकाशा वाचून बसत नाही. जाड गाळ वरच्या अंगालाच पडतो आणि कालव्यांना मिळणाऱ्या पाण्याचीच जागा खातो.

शिवाय 'दरवर्षी इतका' हा हिशेबही फसवा असतो. ज्या वर्षी घरात लग्न झाले, ते वर्ष धरून महिन्याच्या खर्चाची सरासरी काढली, तर ती कुठल्याच महिन्याशी जुळत नाही. नदीचेही तसेच. वर्षभराचा बहुतेक गाळ पुराच्या मोजक्या दिवसांत येतो, आणि दुष्काळी वर्षी फारसा येतच नाही. म्हणून चार-पाच वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन मोजण्यांवरून वेग ठरवणे धोक्याचे. त्यासाठी काही दशके जाऊ द्यावी लागतात.

तुंगभद्रेच्या नोंदींत तर एक कोडेच आहे. 2008 च्या मोजणीत क्षमता सुमारे 101 टीएमसी निघाली होती. आठ वर्षांनी ती वाढून 105.8 झाली कशी? गाळ काही उठून चालू लागला नाही. कधी होडीतून ध्वनिलहरी सोडून तळ मोजतात, तर कधी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पाण्याचा पसारा मोजून साठा काढतात. पद्धत बदलली, मोजणीच्या वेळची पाण्याची पातळी बदलली, की आकडा हलतो. 2008 चा आकडा धरला, तर दरवर्षी 0.58 टीएमसी जागा जाते; 2016 चा धरला, तर 0.43. फरक दिसायला किरकोळ, पण पुढच्या तीस वर्षांत तो साडेचार टीएमसीचा होतो, आणि तीन राज्यांचे पाणीवाटप याच आकड्यांवर चालते.

मग गाळ उपसून का काढत नाहीत? गावतळ्यात हे जमते. महाराष्ट्रात 2017 मध्ये सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांतला गाळ शेतांवर नेऊन टाकला गेला. पण तुंगभद्रेत साचलेला गाळ आहे 76 कोटी घनमीटर. एका ट्रकमध्ये दहा घनमीटर माती मावते असे धरा. रोज हजार ट्रक भरले, तर दोनशे वर्षांहून अधिक काळ लागेल. तेही नवा गाळ अजिबात आला नाही तर! नुसता दरवर्षी येणारा नवा गाळ बाहेर काढायचा, तरी रोज 3,300 ट्रक हवेत. आणि इतकी माती टाकायची कुठे, हे कुणी सांगावे?

म्हणून कर्नाटकाने कोप्पळ जिल्ह्यात नवलीजवळ दुसरा जलाशय बांधून, गेलेली जागा भरून काढण्याचा प्रस्ताव मांडला. पुराच्या दिवसांत धरणात न मावणारे पाणी तिथे वळवायचे, अशी कल्पना. त्याला आंध्र प्रदेश आणि तेलंगणाची संमती लागते, कारण पाण्यात त्यांचाही वाटा आहे. इकडे डाव्या कालव्याच्या शेपटाला, रायचूर जिल्ह्यात, भाताचा शेतकरी दुसऱ्या पिकाला पाणी सुटणार का, याची वाट पाहत असतो. धरणात पाणी कमी पडले, की सर्वांत आधी तुटते ते त्याचे.