फॉक्सप्रो नको म्हणे!

मागच्या शनिवारी गावी, अणदूरला होतो. एका पतसंस्थेचे लोक कंत्राटी काम घेऊन घरी आले. अट एकच, सॉफ्टवेअर व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्येच राहील. पुण्यातल्या मित्राला फोन केला तर तो हसायलाच लागला. "सरळ नाही म्हण. रेझ्युमेची वाट लागेल!"

हे आपलं तत्त्व बरं का मंडळी! काळजी रेझ्युमेची, आव मात्र ग्राहकाच्या हिताचा. वायटूकेच्या वेळी जुनाट कोबोल तपासत आपल्या आयटीने परदेशात बस्तान बसवलं, ते सोयीस्करपणे विसरायचं. डॉलर मिळाले की 'लेगसी', रुपये मिळाले की भंगार!

धोका खरा आहेच. फॉक्सप्रोचा मायक्रोसॉफ्ट सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला. फाइल बिघडली तर हाल खातेदारांचे. पण मी नाही म्हटल्याने फॉक्सप्रो बंद होणार आहे का? दुसरा कुणीतरी बॅकअपशिवाय डागडुजी करून जाईल.

आमच्या खंडोबाची मूर्ती एक, देवळं दोन. सव्वादहा महिने अणदूर, पावणेदोन महिने नळदुर्ग. देव हलण्याआधी दोन्ही गावांत लेखी करार होतो. आपणही तेच करावं. त्यांची अट आज मान्य, पण आपल्याही कागदावर हव्यात : रोजचा बॅकअप, आणि डीबीएफ फाइलींतला डेटा नव्या डेटाबेसमध्ये नेण्याची तारीख. त्यावर सही करत नसतील, तर बेलाशक उठा. तो नकार खातेदारांसाठी असेल, रेझ्युमेसाठी नाही.

माझा मसुदा तयार आहे. बघू, सही होते का!